झटकेबाईंचं डावं कोपर

त्या घरात सकाळचं वर्तमानपत्र आधी ओढलं जाई आणि मग वाचलं जाई. शब्दकोडं असलेलं मधलं पान एका बाजूने सासूबाई धरत, दुसऱ्या बाजूने सूनबाई, आणि ज्या बाजूला पान जाई त्या बाजूला उरलेली सकाळ जाई. सासूबाई टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेल्या. जन्मभर लोकांचे कागद हातातून पुढे सोडल्यामुळे आता एकही कागद सोडायचा नाही, असा त्यांचा निर्धार असावा. सूनबाईंच्या उजव्या हातात चहाचा कप असे, म्हणून त्या डाव्या हाताने लढत: अंगठा आणि तर्जनीची कड यांच्या चिमटीत पान धरायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. सूनबाईंचा नवरा शाळेत भूगोल शिकवी. दोन शेजारी राष्ट्रांच्या सीमेवर कसं राहावं हे त्याला पुस्तकाबाहेरूनही ठाऊक होतं. तो खेळांचं पान घेऊन खिडकीशी बसे आणि तटस्थ राही.

एके सकाळी सासूबाईंनी नेहमीच्या जोराने पान ओढलं आणि त्या खुर्चीसकट मागे कलंडता कलंडता वाचल्या. पान आलं, पण त्यामागचा विरोध आला नाही.

"सोडलंस?"

"नाही हो आई. सुटलं."

"सुटलं म्हणजे काय? माझ्या हातून कधी सुटलंय?"

दुसऱ्या दिवशीही सुटलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझी बायको मला जिंकू देतेय. काय हवंय तिला?"

"काही नको असेल, आई."

"फुकट कोणी हरत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कोडं अर्ध्यावर सोडून दिलं. दान म्हणून मिळालेल्या पानाला चव नसते.

आता या हरणाऱ्या सूनबाई कोण, ते सांगायला हवं. घराबाहेर त्यांना झटकेबाई म्हणत. एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला त्यांची खोली होती. हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मज्जातंतूंचे डॉक्टर या खोलीत पाठवत. बाई त्याचा हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकत, कारण गार हाताची नस आळशी चालते आणि उगाच आजारी दिसते. मग करंगळीखालच्या मांसल भागावर दोन चकत्या चिकटवत, मनगटापाशी आणि कोपराच्या खाली-वर विजेचे छोटे झटके देत, आणि करंगळीपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागला ते यंत्राच्या पडद्यावर पाहत. दोन जागांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजायचं आणि त्याला वेळेने भागायचं, की नसेचा वेग निघतो. कोपरापाशी वेग एकदम पडला, तर नस तिथे दाबली गेली आहे. कोपर दाराला आपटलं की जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते, ती हीच नस. एवढी महत्त्वाची वस्तू निसर्गाने इतक्या उघड्यावर का ठेवली, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं.

झटका देण्याआधी बाई प्रत्येकाला एक वाक्य सांगत: "मुंगी चावल्यासारखं वाटेल." आवाज इतका आश्वासक, की दणकट माणसंही हात पुढे करत. पहिल्या झटक्यानंतर त्यांच्या मुद्रेत जो बदल होई, त्याची बाईंना सवय झाली होती. एक लोहार म्हणाला होता, "बाई, तुमच्या मुंग्या काय खातात हो?" एका शिक्षिकेने जाताना कोपरापासून हात जोडले होते. बाई शांतपणे म्हणत, "अजून थोडं वाढवते हं," आणि वाढवत. करंट पुरता वाढवल्याशिवाय नसेतले सगळे धागे जागे होत नाहीत, आणि अर्धवट जाग्या नसेचा आलेख खोटं बोलतो. या बाबतीत त्या दयामाया ओळखत नसत.

काही वर्षांपूर्वी मनगट दुखतं म्हणून सासूबाईही त्या खोलीत आल्या होत्या. सुनेवर विश्वास ठेवून त्यांनी हात पुढे केला. पहिल्या झटक्याला त्यांनी जो शब्द उच्चारला, तो टपाल खात्याच्या मागच्या खोलीतच शिकता येतो. दुखणं मलमाने गेलं, मुंगी मात्र घरात कायमची राहायला आली. सूनबाई म्हणाल्या, "भाजी फार तिखट नाही झालीये," की सासूबाई विचारत, "मुंगीएवढीच ना?"

त्यातली गंमत अशी, की ती मुंगी स्वतः बाईंना कधीच चावली नव्हती. हे काम शिकताना एकमेकींवर सराव करायचा असतो. बाईंच्या जोडीला एक भोळी मुलगी होती. "आधी तू, मग मी," असं दोघींचं रोज ठरे, आणि 'मग मी' येण्याच्या बेताला तासाची वेळ संपे. तो अभ्यासक्रम बाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या.

आणि आता त्यांच्या डाव्या करंगळीला मुंग्या येत होत्या.

कारण त्यांना माहीत होतं. आलेख पडद्यावर उमटेपर्यंत डावं कोपर लोखंडी टेबलाच्या काठावर रोवायचं आणि हनुवटी तळहातावर टेकवायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची बैठक. दुसऱ्या कोणी तसं बसलेलं दिसलं तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं. पण दिव्याखाली अंधार असतो, आणि त्या दिव्याखाली तर टेबलाचा काठही होता.

डॉक्टरांना सांगावं, तर अडचण होती. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांचा त्या खोलीवर डोळा होता. ते अधूनमधून दारात उभे राहत आणि भावी जावई सासऱ्याच्या घराकडे पाहतो तसे चारी भिंतींकडे पाहत. "पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हे सगळं होतंच की," ते एकदा म्हणाले होते. "इथे आहारतज्ज्ञ छान बसतील." बाई रजेवर गेल्या, तर रुग्ण पुलापलीकडे जाणार; ऑपरेशन होऊन काही महिने घरी बसल्या, तर परत येईपर्यंत खोलीत केळ्यांची आणि सफरचंदांची चित्रं लागलेली असणार. त्या खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुसरं काही येत नाही, असं त्या कौतुकाने सांगत. आता तेच वाक्य त्यांना भलत्याच सुरात ऐकू येऊ लागलं.

म्हणून एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि आपली तपासणी आपणच करायला घेतली.

हे दिसतं तितकं सोपं नाही. चकत्या एका हाताने चिकटवता आल्या. टेप मात्र दोन टोकांची वस्तू आहे, आणि बाईंकडे मोकळा हात एकच होता. त्यांनी एक टोक दातांत धरलं, हात टेबलावर लांब केला, मान वाकडी करून अंतर मोजलं. मग उजव्या हाताने झटका दिला.

टेप तोंडातून पडली. बोळातून जाणाऱ्या वॉर्डबॉयने दार ठोठावलं. "बाई, काय झालं?"

"काही नाही!" बाई आतून म्हणाल्या. "खुर्ची सरकली!"

खुर्चीच्या आवाजाला स्वर असतात, हे त्या वॉर्डबॉयला नवीन होतं. पण तो समजूतदार होता. आत बाई करंगळी धरून बसल्या होत्या आणि गेल्या कित्येक वर्षांतले चेहरे एकामागून एक त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते. लोहार. शिक्षिका. सासूबाई. मग त्यांनी दात आवळून कोपराखाली आणि कोपरावर झटके दिले. करंट वाढवताना मात्र बटणावरचं बोट दर वेळी वाटेतच थांबलं. 'एवढा पुरे,' बाईंनी स्वतःला सांगितलं. हे वाक्य त्या खोलीत पूर्वी कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

आकडा वाईट आला. कोपरापाशी वेग निम्म्याच्या जवळ घसरलेला, आणि कोपरावरून पाठवलेल्या संदेशाची लाट खालच्या लाटेपेक्षा कितीतरी बुटकी. याचा अर्थ त्यांना तोंडपाठ होता: वाटेतले बरेच धागे अडले आहेत, नस चांगलीच चिरडली आहे, आता चाकू. त्यांनी आलेख पुसून टाकला, दार उघडलं आणि दुपारचे रुग्ण तपासले. त्या दिवशी त्यांनी कोणालाही मुंगीचं नाव सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस बाई घरी विलक्षण गोड वागल्या. सासूबाईंना हे सहन होईना. आयत्या विजयाचा त्यांना कंटाळा आला होताच, त्यात सूनबाईंनी वाद घालणंही थांबवलं. शेवटी एका सकाळी पान हातात येताच त्यांनी ते परत सुनेपुढे धरलं.

"धर. दोन्ही हातांत. अंगठ्याने दाब."

"आई, चहा निवतोय."

"निवू दे. माझ्या तपासणीच्या वेळी तू मला असाच कागद धरायला लावला होतास. धर म्हणते ना."

सूनबाईंनी धरलं. सासूबाईंनी ओढलं. उजव्या हाताचा अंगठा सरळ राहून पान अडवून बसला. डाव्या हाताचा अंगठा मात्र पेरातून वाकला, धडपडला, आणि पान गेलं. कागद धरण्याचं जे काम सरळ अंगठ्याचं, ते वाकड्या अंगठ्यावर पडलं की समजावं कोपरातल्या नसेने अंग काढून घेतलं आहे. ही खूण बाई रोज रुग्णांच्या हातात शोधत. ती त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर कितीतरी सकाळी हजर होती.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईंनी सगळं सांगितलं: टेबल, कडी, टेप, आकडा, व्यवस्थापक, केळी. खिडकीतल्या तटस्थ राष्ट्राने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," सासूबाई म्हणाल्या, पण पुढचे कोरडे पाषाण त्यांनी गिळले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि ही तपासणी दुसरं कोण करतं?"

"पुलापलीकडे आहे एक. मीच शिकवलेली. पण तिच्याकडे मी जाणार नाही."

"का?"

"मी तिला रडवलं होतं."

त्या शिष्येला सगळे चिमणी म्हणत, कारण आवाज बारीक. शिकायला आली तेव्हा एकदा तिने रुग्णाचा हात सरळ ठेवून कोपराजवळचं अंतर मोजलं होतं. त्यावर झटकेबाईंनी भर खोलीत तिला विचारलं होतं, की तुला नस मोजायची आहे की पडद्याचं कापड. चिमणी बाहेर जाऊन रडली, पण काम शिकली. आता तिच्या हाताखाली दोन माणसं होती.

"रडवलंस ना? मग ती नीट करेल," सासूबाई म्हणाल्या. "चप्पल घाल. मी सोबत येते."

"तुम्ही कशाला, आई?"

"सुनेच्या काळजीने," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा आठवणीने पुसून घेतला.

चिमणीच्या खोलीत सासूबाईंनी खुर्ची अगदी पुढे ओढून घेतली. नाटकाला लवकर पोचलेला प्रेक्षक ओढतो तशी. चिमणीने बाईंचा हात गरम पिशवीने शेकला. मग कोपर वाकवून हात उशीवर ठेवला, पेनने खुणा केल्या आणि वाकलेल्या कोपराच्या वळणावरून टेप फिरवली. बाईंनी सांगितलेला आकडा आठवून मोजताना ती थांबली.

"बाई, तुमचा आकडा इतका वाईट कसा आला? तुम्ही स्वतःला टेप लावलीत कशी?"

"दातांत धरून."

"हात वाकवून?"

बाई भिंतीकडे पाहू लागल्या. भिंतीवरच्या पंख्याने दोनदा मान फिरवली.

"पडद्याचं कापड?" चिमणीने बारीक आवाजात विचारलं.

"बोल, बोल," बाई म्हणाल्या. "मऊ लागलं म्हणून कोपराने खण."

"काय झालं ते मला कोणी सांगेल का?" सासूबाई म्हणाल्या.

चिमणीने सांगितलं. हात सरळ असला की कोपरातली नस ढिली, वळ्या घालून पडलेली असते. वरून टेप लावली तर अंतर कमी भरतं, पण संदेशाला सगळ्या वळ्या चालाव्याच लागतात. हात वाकवला की नस ताणून सरळ होते आणि टेपचं अंतर खऱ्याच्या जवळ जातं.

"म्हणजे पोस्टमन वळणावळणाच्या रस्त्याने आला, आणि साहेबाने नकाशावर पट्टी ठेवून त्याला आळशी ठरवलं," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच, आजी."

"आमच्याकडे होता असा एक साहेब," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे पाहिलं. सूनबाई छताकडे पाहत होत्या.

"पण लाट बुटकी आली होती," छताकडे पाहतच बाई म्हणाल्या. "तिचं काय? ती टेपने बुटकी होत नाही."

"करंट किती दिला होतात?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी फार हळू दिलं. चिमणीने ते पुन्हा विचारलं नाही. तिने फक्त यंत्राचं बटण फिरवायला सुरुवात केली, आणि बाईंना कळलं की आपल्या खोलीचा, ऑपरेशनचा आणि त्या केळ्यांचा निकाल आता या बटणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. अर्ध्यात थांबलं तर तो लागणार नाही.

"तुमचं वाक्य म्हणू का, बाई?"

"नको."

"मग मी म्हणते," सासूबाई पुढे वाकल्या आणि जमेल तितक्या आश्वासक आवाजात म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं, बाळ."

मुंगी चावली. बाईंनी ओठ आवळले.

"अजून थोडं वाढवते हं," चिमणी म्हणाली.

"वाढव," बाई म्हणाल्या.

"अजून थोडं."

"वाढव म्हटलं ना! लाट वाढतेय का सांग!"

"वाढतेय."

"मग थांबतेस काय!"

शेवटच्या झटक्याला बाईंनी जो शब्द उच्चारला, तो टपाल खात्यातला होता. सासूबाईंनी समाधानाने पाठ खुर्चीला टेकली. विद्या वाया गेली नव्हती.

बाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. कोपरावरची लाट कोपराखालच्या लाटेच्या जवळपास उंचीची झाली होती. धागे अडलेले नव्हते. नीट हाक मारली नव्हती म्हणून आले नव्हते. वेग कोपरापाशी पडत होता हे खरं, पण थोडाच. नस दाबली गेली होती, चिरडली गेली नव्हती.

"सौम्य," चिमणी म्हणाली.

"पुन्हा मोज."

"बाई, दोनदा मोजलंय. हात वाकवून."

मग बाईंना एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. झटक्याने येतं कधी कधी, असं त्या रुग्णांना सांगत असत.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि ते मोजकंच बोलले. ऑपरेशन नको. कोपर टेकवायचं नाही, रात्री हात वाकवून झोपायचं नाही, त्यासाठी कोपराला टॉवेल गुंडाळायचा. काही महिन्यांनी पुन्हा पाहू. "आणि बाई," त्यांनी विचारलं, "हे माझ्याकडे आधी का नाही आणलंत?" बाई म्हणाल्या, "खोलीला कडी होती." डॉक्टरांना हे उत्तर कळलं नाही, पण आलेख व्यवस्थित असल्यामुळे त्यांनी ते चालवून घेतलं.

एकही दिवस रजा न घेता खोली वाचली. व्यवस्थापक पुढच्या वेळी दारात येऊन उभे राहिले, तेव्हा बाईंनी टेबलाच्या लोखंडी काठासाठी गादी मागितली. तशी तरतूद नाही, असं सांगून ते जे गेले, ते बरेच दिवस फिरकले नाहीत. गादी सासूबाईंनी जुन्या चादरीची शिवली. रुग्णांना वाटे ती त्यांच्यासाठी आहे; कोणी तिच्यावर हात टेकवला, की बाई म्हणत, "ती माझी जागा."

मुंगीचं काय करावं, हा प्रश्न राहिला होता. बाईंनी आधी खरं बोलून पाहिलं. एका क्रेनचालकाला त्या म्हणाल्या, "दुखेल." तो म्हणाला, "मग उद्या येतो," आणि आजवर आलेला नाही. तेव्हापासून त्या म्हणतात, "मुंगी आहे, पण मोठी आहे. मला स्वतःला चावलेली आहे." यावर लोक हसतात आणि हात पुढे करतात.

घरात कोपराच्या रखवालीचं काम सासूबाईंनी, कोणी न नेमता, स्वीकारलं. जेवताना, टीव्ही पाहताना, फोनवर बोलताना कुठूनही हाक येई: "कोपर!" आणि सूनबाईंचा हात टेबलावरून उडे. भूगोलाच्या शिक्षकाचाही उडे. त्याला ती हाक कोणासाठी आहे याची खात्री नसे. सकाळी पान मात्र अजून सहजच सुटत होतं. सासूबाई ते घेत, चष्मा लावत आणि मुलाला म्हणत, "वाचून दाखव रे तूच," कारण त्यांचं मन लागत नसे.

मग हळूहळू पान पूर्वीपेक्षा उशिरा सुटू लागलं. सासूबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही; फक्त त्या चहाचा कप बाजूला ठेवून बसू लागल्या. आणि एका सकाळी त्यांनी ओढलं, तर पान आलं नाही. त्यांनी सुनेच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो सरळ होता. त्यांनी पाय फरशीवर रोवले आणि दोन्ही हातांनी ओढलं.

पान कोड्याच्या मधोमध टरकन फाटलं. आडव्या शब्दांची सूत्रं सासूबाईंकडे आली, उभ्या शब्दांची सूनबाईंकडे राहिली.

दोघी आपापल्या अर्ध्याकडे पाहत राहिल्या.

"सीमाप्रश्न सुटला वाटतं," खिडकीतून आवाज आला.

"तू गप्प बस," दोघी म्हणाल्या.

सासूबाईंनी आपल्या तुकड्याच्या सुरकुत्या काढत हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं, जे जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्वचित दिसतं. "माझ्याकडचं पहिलं अक्षर तुझ्या तुकड्यावर गेलंय," त्या म्हणाल्या.

"सांगणार नाही."

"नको सांगूस. मी काढेन."

सूनबाईंनी थोडा वेळ आपलं कोडं सोडवलं. मग, पलीकडे काय लिहिलं जातंय ते दिसावं म्हणून, त्या हळूच पुढे झुकल्या आणि डावा हात टेबलावर टेकवला.

"कोपर!" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.